पाव वळसा

१

सकाळी सात वाजता मी बंकरमध्ये उतरते. बंकर म्हटलं की लोकांना युद्ध आठवतं. आमच्या निडवाल्डनमध्ये, स्वित्झर्लंडच्या या डोंगराळ मुलखात, तसलं काही नाही. नियमच आहे, घर बांधलं की त्याच्या पोटात एक काँक्रीटची खोली हवी, वीतभर जाडीच्या दरवाजाची. शेजारीपाजारी तिथे बटाटे ठेवतात. मी लेथ ठेवलंय. दरवाजा ओढला की वरचं सगळं बंद होतं. गाईंच्या घंटा नाहीत, चर्चची घंटा नाही, रस्त्यावरून जाणारी पोस्टाची बस नाही. इतकी शांतता की स्वतःच्या गिळण्याचा आवाज येतो. पहिल्या पहिल्यांदा त्याचीच धास्ती वाटायची.

तिथे बसून मी काडतुसं करते. दुकानात मिळतात तसली नव्हेत. आमच्या खोऱ्यात जुन्या घरांतून व्हेटर्ली बंदुका आहेत, पणजोबांनी फौजेतून घरी आणलेल्या. त्यांची काडतुसं मिळायची बंद होऊन कित्येक वर्षं झाली. आजच्या काडतुसावर ठोका मधोमध पडतो. व्हेटर्लीचा पडतो काठावर. बोल्टमध्ये, म्हणजे बंदुकीच्या मागच्या सरकत्या दांड्यात, दोन दाते असतात, एक वर, एक खाली, आणि ते काडतुसाच्या पुंगळीच्या कडेला बसतात. म्हणून मी जाड पितळेची पुंगळी लेथवर काढते आणि तिच्या बुडाशी, मध्य सोडून पार कडेला, एक इवलीशी टोपी बसवते. दाता त्या टोपीवर पडला तर बार उडतो. पितळेवर पडला तर नुसतं क्लिक.

आता बंदुकीला काय कळतंय टोपी कुठे आहे ते? म्हणून मी बुडावर कानशीने एक खूण करते, टोपीच्या बरोबर वर. नेमबाजाने खूण वर ठेवायची आणि बोल्ट लावायचा, बस्स. तरी कधी क्लिक झालंच, तर तीसपर्यंत आकडे मोजायचे, बोल्ट उघडायचा, काडतूस पाव वळसा फिरवायचं आणि पुन्हा चाप ओढायचा. गावच्या नेमबाजी मंडळातल्या एकूण एक बाप्याला हे मी शिकवलंय. मी, थेरेसिया बार्मेटलर, वय सदुसष्ट. जन्मात एकदाही फायरिंगच्या ओळीत उभी राहिलेली नाही.

सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या पत्र्याच्या डब्यातून माझ्याकडे परत येतात. मी त्या धुते, पुसते, एकेक करून दिव्याखाली धरते. प्रत्येकीच्या बुडावर दात्यांचे दोन वण असायचे.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी एकीवर चार होते.

२

चार वण म्हणजे पहिल्यांदा क्लिक झालं, मग फिरवली, मग उडाली. होतं असं कधीमधी. मी ती बाजूला ठेवणार, तेवढ्यात अंगठ्याला पुंगळीच्या पोटावरच्या दोन रेघा लागल्या.

दर वर्षीच्या पुंगळ्यांना मी वेगळी रेघ पाडते, म्हणजे कुठली किती जुनी ते कळतं. दोन रेघांची तुकडी मी एकदाच केली, अकरा वर्षांपूर्वी. चौऱ्याऐंशी पुंगळ्या. त्यातल्या त्र्याऐंशी परत आल्या आणि मी त्या माझ्या हाताने वितळवल्या. कारण त्या तुकडीतल्या एका काडतुसाने माझा भाऊ मारला होता.

मेल्क माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. डेअरीत चीज करायचा. बंदुकीला कधी हात लावला नाही. त्याची हौस वेगळीच, त्याला खड्ड्यातला निशाणवाला व्हायचं असायचं. टार्गेटखाली, मातीच्या बांधाआड खोल खड्डा असतो. निशाणवाल्याने तिथे बसायचं आणि गोळी कुठे लागली ते लांब दांड्याच्या थाळीने वर करून दाखवायचं. नेम साफ चुकला तर थाळी डावीउजवीकडे हलवायची. मेल्क नुसती हलवून थांबायचा नाही. शेवटी दांडा गर्रकन फिरवून थाळीची पाठ दाखवायचा, जीभ काढल्यासारखी. तीनशे मीटरवर उभा असलेला माणूस चिडून लाल व्हायचा आणि बाकीचे पोट धरून हसायचे. "अगं थ्रेस, ते आयुष्यभर मला विचारणार, लागली का रे? आणि मी सांगणार, नाही!" म्हणायचा आणि स्वतःच खो खो हसायचा.

ऑक्टोबरचा पहिला रविवार, सकाळचे दहा चाळीस. पाचव्या टार्गेटची चौकट अडकली. मेल्कने लाल बावटा वर केला, ओळीतल्या कोणीतरी "थांबा" म्हणून ओरडलं, आणि तो बांधावर चढला चौकटीला लाथ घालायला. तेवढ्यात एक बार झाला.

ओळीत सात जण होते. सातही जण म्हणाले, मी नाही. गोळी त्याच्यातून आरपार जाऊन मागच्या डोंगरात रुतली, आणि तो डोंगर दीडशे वर्षं शिसं खातोय, त्यात कुठे शोधणार? बादलीतल्या पुंगळ्या मोजल्या तर एक कमी. अपघात म्हणून कागद बंद झाला. मंडळाने थडग्याला सुंदर दगड दिला. अध्यक्ष रेमिगी गांडर त्या दगडापाशी माझ्याइतकाच रडला.

लोक मला विचारतात, भाऊ असा गेला, तरी तू या लोकांसाठी काडतुसं करतेस? मी म्हणते, सवय आहे. सवय कसली डोंबलाची! मी वाट बघत होते. ज्याने ती पुंगळी खिशात घातली तो मेल्कचा मारेकरी, आणि आमच्याकडचा नेमबाज पितळ कधी फेकत नाही. घरातलं सोनं फेकेल पण पुंगळी फेकणार नाही. आज ना उद्या त्याच्या हातून ती डब्यात पडणार, आणि डबा माझ्याकडे येणार. अकरा वर्षं दर मंगळवारी मी डबा उपडा करत होते तो यासाठी.

३

भिंग काढलं. बुडावरच्या वणांपैकी खालच्या दात्याचे दोन्ही वण स्वल्पविरामासारखे, शेपटी असलेले. दाता तुटका असल्याशिवाय असा वण उमटत नाही. असा दाता खोऱ्यात एकाच बंदुकीला आहे, आणि तिच्या पुंगळ्या मी तीस वर्षं धुतेय.

रेमिगी. माझ्या भावाच्या थडग्यावर रडणारा रेमिगी. दर नाताळात लोणी घालून केलेली नाशपातीची पोळी घेऊन येणारा, "थ्रेस, एकटी आहेस, काही लागलं तर सांग" म्हणणारा.

मी खुर्चीवर बसले. खरं सांगते, मला आनंद झाला. अकरा वर्षांनी पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं.

चार वण का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. पडू दिला नाही म्हणा. मेल्क गेला त्या वर्षी वसंतात रेमिगीचा आणि माझा खटका उडाला होता आणि त्याचं मी किरकोळ उट्टंही काढलं होतं. ते सांगते मागाहून.

ऑक्टोबरच्या स्पर्धेसाठी रेमिगीचा बारा काडतुसांचा डबा मी दुसऱ्याच दिवशी भरायला घेतला. अकरा नेहमीसारखी. बारावं मी जरा निराळं केलं. काय केलं ते सांगणार नाही, हा धंदा करणाऱ्याला सांगायची गरजही नाही. बोल्टच्या मागे नेमबाजाचा गाल असतो, बोटभर अंतरावर. बाराव्याच्या खुणेवर कानस जपून चालवली. टोपी आणि खूण एका रेषेत, केसाचाही फरक नाही. त्याला क्लिक ऐकू यायला नको होतं.

४

पहिला आवाज मी गुरुवारी ऐकला.

लेथ बंद करून मी कॉफी ओतत होते. मागे क्लिक झालं. छोटंसं, कोरडं. मी वळले. भिंतीवर आजोबांची व्हेटर्ली खुंट्यांवर टांगलेली आहे, नळी लेथकडे करून. ती मेल्कच्या वाट्याची, पण त्याने ती कधी वापरलीच नाही. तिला बोल्टच नाही. बोल्ट वरती स्वयंपाकघरात, टेबलक्लॉथच्या खणात असतो. बंदूक एकीकडे, बोल्ट दुसरीकडे, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

पत्रा गार होताना वाजतो, मी म्हटलं. घड्याळात दहा चाळीस झाले होते.

शुक्रवारी पुन्हा तेच, त्याच वेळी. मी तोवर मुद्दाम लेथ लावलंच नव्हतं, म्हणजे गार व्हायला पत्राही नव्हता. उंदीर असेल. काँक्रीटमध्ये उंदीर? असेल एखादा शिकलेला.

शनिवारी मी ट्रेमधल्या नव्या पुंगळ्या उचलल्या. आदल्या संध्याकाळी लेथवरून उतरवलेल्या होत्या, अजून टोपीचं भोक पाडलं नव्हतं, कानस लागली नव्हती. पितळ आरशासारखं चकचकीत. आणि पहिलीच्या बुडावर दोन वण. वर एक, खाली एक. खालच्याला शेपटी नव्हती. अख्खे, धारदार, कधी न वापरलेल्या दात्यांचे.

मी बाई विचार करणारी आहे. कोणीतरी आत आलं, पुंगळी नेली, बंदुकीत घातली, चाप ओढला, परत आणून ठेवली. का? मला वेड लावायला. कोण? रेमिगी. त्याला संशय आला असेल. पण बंकरची किल्ली एकच, आणि ती माझ्या गळ्यात. मी वर गेले, खण उघडला, टेबलक्लॉथची घडी सोडली. बोल्ट जागच्या जागी होता. त्याला मी अकरा वर्षं तेलाशिवाय काही लावलेलं नाही.

नाकाशी धरला, तर नुकत्याच उडालेल्या बाराचा वास आला.

मी घडी पुन्हा घातली. खण बंद केला. मॅकरोनी शिजवली, वर सफरचंदाचा गर घेतला आणि सगळी संपवली. त्या दिवशी खाली गेले नाही. रविवारीही गेले नाही. पण स्वयंपाकघरात बसून दहा चाळीसला माझे कान टवकारलेले असायचे, आणि वीतभर काँक्रीटच्या खालून, जिथून कधी लेथचाही आवाज वर येत नाही, ते क्लिक वर यायचं.

सोमवारी मनाशी म्हटलं, मेल्क, कळलं रे मला. घाई करू नकोस. पहिल्या रविवारी होतंय तुझं काम.

५

स्पर्धेच्या दिवशी आकाश साफ होतं. बाकी वर्षभर मंडळात यंत्राची टार्गेटं चालतात, पडद्यावर आकडा येतो. जुन्या बंदुकांच्या दिवशी मात्र खड्डा आणि थाळी. मेल्क गेल्यापासून एक नियम वाढलाय, ओळीत एका वेळी एकच जण उभा राहणार.

निशाणवाला वीझी वाझर कंबर धरून बाकावर बसला होता. "थ्रेस, माझ्याच्याने काय ती शिडी उतरवत नाही आज. हाडं करकरतात नुसती."

"हाडांना दोष देऊ नकोस, कॉफीत दारू जास्त झालीय तुझ्या," मी म्हटलं. "मी जाते खड्ड्यात."

मग कोणीतरी म्हणालं, जाऊ द्या तिला, भावाची जागा आहे तिच्या. मला तेच हवं होतं. रेमिगीचा बारावा बार मला मेल्कच्या जागेवरून ऐकायचा होता.

मी निघाले तसा रेमिगी मागून आला. म्हातारा झालाय आता, गालफडं बसलीत. "थ्रेस, जरा इकडे ये." खोपटाच्या मागे, लाकडांच्या ढिगाशी नेलं. "मंगळवारच्या डब्यात तुला काही सापडलं?"

माझ्या एप्रनच्या खिशात ती पुंगळी होती. त्याच्या तोंडावर फेकायला आणली होती, पण मी नुसती मान डोलावली.

"मीच टाकली," तो म्हणाला. "अकरा वर्षं खिशात घेऊन फिरलो. झोपतानासुद्धा. बायको गेली गेल्या वर्षी, तिला सांगितलं नाही. आता डॉक्टरने मला तारीखच दिलीय जवळपास, तर म्हटलं तुला कळायला हवं. उद्या पोलिसांकडे जाणार आहे. पण आधी तुला."

"बोल."

"शेवटचं काडतूस होतं. क्लिक झालं. तीस मोजले, देवाशप्पथ पुरते मोजले. मग तू शिकवलंस तसंच, बोल्ट उघडला, काडतूस पाव वळसा फिरवलं. खाली मान घालून खूण बघत होतो गं मी! थांबा म्हणून ओरडले ते कानात बोळे होते, कळलं नाही. बावटा बघितलाच नाही. बोल्ट लावला, मान वर केली आणि चाप ओढला. तेवढ्यात तो चढत होता." त्याचा ओठ लोंबला. "मी पळपुटा निघालो. पुंगळी उचलली आणि सगळ्यांबरोबर म्हणालो, मी नाही."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला तिथे काय दिसलं कोण जाणे, त्याने माझा हात हातात घेतला.

"एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. खूण चुकली होती. टोपी पाव वळशावर, आणि खूण भलतीकडेच. पण मी हे पोलिसांना सांगायचं की नाही ते तू ठरव. इतक्या पुंगळ्या करायच्या म्हणजे एखादे वेळी हात घसरतोच माणसाचा."

माझा हात घसरला नव्हता.

६

आता सांगते.

त्या वर्षी वसंतातल्या सभेत मी उभी राहिले आणि म्हटलं, वीस वर्षं काडतुसं करतेय, या वेळी मला ओळीत उभं राहू द्या. रेमिगी अध्यक्षाच्या खुर्चीतून म्हणाला, "थ्रेस, तू काडतुसं कर आणि कॉफी कर. दोन्ही झकास करतेस. बंदूक आपटली तर खांदा निखळेल तुझा, मग आम्हाला कॉफी कोण देणार?" सगळं सभागृह हसलं. मेल्कही हसला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला, त्याचं हसणं तसंच होतं.

मी घरी येऊन रेमिगीच्या बाराव्या काडतुसावर खूण पाव वळसा बाजूला केली. मुद्दाम. शेवटच्या बाराला, सगळ्या गावासमोर, अध्यक्षाच्या बंदुकीतून नुसतं क्लिक व्हावं आणि त्यांनी त्याला हसावं, एवढंच. कानस हातात धरून मी तेव्हा हसले होते, बंकरमध्ये एकटी.

आणि मेल्क गेल्यावर? काडतूस कोणाचं हे कळेपर्यंत ते माझं नव्हतं. सात जणांतला कोणीही असेल. रेमिगीने क्लिकबद्दल चकार शब्द काढला नाही, म्हणजे त्याचं ते काडतूस सरळ उडालं असेल, टोपी कशीतरी लागली असेल. त्या त्र्याऐंशी पुंगळ्या मी भिंगाखाली न धरताच वितळवल्या. इतकी वर्षं मी स्वतःला हेच पटवत होते, आणि पटतही होतं.

रेमिगीला म्हटलं, "तुझा डबा दाखव. एक टोपी मला सैल वाटली होती." बारावं काढून घेतलं, खिशातलं एक चांगलं घातलं. त्याने आभार मानले. मग मी शेताच्या कडेने चालत जाऊन खड्ड्यात उतरले.

७

खड्डा लांबलचक आहे, एका हाताला भिंत आणि दुसऱ्या हाताला चौकटींची रांग. पाचव्या चौकटीला कोणी हात लावत नाही, गंजून गेलीय. थाळ्या भिंतीला टांगलेल्या असतात. तिथे ओल्या मातीचा वास येतो, आणि गोळी डोक्यावरून गेली की चाबूक ओढल्यासारखं वाजतं आणि मागे डोंगर थप्प म्हणतो.

रेमिगीची पाळी तिसऱ्या चौकटीवर. मी थाळी वर करत होते. नऊ. आठ. दहा. म्हातारा चांगला मारत होता, मन हलकं झालं होतं त्याचं. मी हाताने काम करत होते आणि डोकं रिकामं होतं. दहावा बार. अकरावा.

बारावा बार झाला. ज्या बाराने त्याचा गाल जायचा होता, तो साधासुधा उडाला, आणि गोळी नऊच्या वर्तुळात बसली. मी थाळी उचलायला वाकले.

पलीकडे पाचव्या चौकटीशी काहीतरी घासलं.

तिथे एक थाळी वर चालली होती. दांडा हळूहळू सरकत होता आणि त्याच्या खाली, चौकटीच्या गंजक्या पत्र्याआडून, दांडा धरलेली एक मूठ तेवढी दिसत होती. चामडी हातमोजा, तर्जनीचं टोक कापलेलं. चीजला बोट लावून बघायला मेल्क ते कापायचा. निशाणवाल्याची थाळी नेहमी ओळीकडे तोंड करून असते. तिकडचा माणूस बघणार असतो ना. ही थाळी खड्ड्याच्या आत तोंड करून होती. माझ्याकडे.

डावीकडे गेली, उजवीकडे गेली. डावीकडे, उजवीकडे. चुकली. नेम चुकला.

मग दांडा थांबला आणि थाळीची पाठ गर्रकन माझ्यापुढे आली.

मी ओरडले की नाही आठवत नाही. शिडीवरून वर आले तेव्हा लाल बावटा माझ्या हातात होता आणि लांब, ओळीच्या मागे, सगळे बंदुका खाली ठेवून उभे होते, शहाण्यासारखे. हात खिशात गेला, रुमाल काढायला. बोटांना दोन रेघांची पुंगळी लागली. जड लागली. बाहेर काढली. तिच्या तोंडात शिशाची गोळी बसलेली होती, व्यवस्थित दाबून, चरबी लावून. बुडाला नवी टोपी.

मी भरलेली नव्हती ती.

८

रेमिगी सोमवारी पोलिसांकडे गेला. बोलला तसा वागला. बुधवारी एक पोलीस माझ्याकडे आला, पोरगेला, नम्र. स्वयंपाकघरात बसून त्याने विचारलं, "बार्मेटलरबाई, गांडर म्हणतात ते खरं का? खूण चुकीच्या जागी होती?"

मी कॉफी ओतली आणि म्हटलं, "हात घसरला असेल."

त्याने तसं लिहून घेतलं. खाली, काँक्रीटच्या खाली, क्लिक झालं. पोलिसाने मान वर केली नाही. त्याला ऐकू गेलं नसावं.

रेमिगीसाठी केलेलं बारावं काडतूस मी उघडून रिकामं केलं. दोन रेघांचं मात्र तसंच आहे. गोळी ओढून काढली, दुसऱ्या दिवशी परत बसलेली होती. सरोवरात फेकून द्यावं असं एकदा मनात आलं. पण पितळ फेकायला हात होत नाही, आणि फेकलं तरी मंगळवारच्या डब्यात ते निघेल हे मला माहीत आहे.

रोज सकाळी ते टेबलावर असतं. दहा चाळीसला मी पाठ फिरवते. बघून काय करायचंय? ऐकू येतं सगळं. आजोबांच्या बंदुकीचा बोल्ट मागे जातो, जो वर खणात टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेला आहे. काडतूस आत सरकतं. बोल्ट लागतो. कोणीतरी श्वास धरतं. क्लिक. मग बोल्ट उघडतो, आणि मी वळते तेव्हा काडतूस टेबलावर असतं, जरा कोमट. बुडावर वण त्याच दोन जागी, रोज थोडे खोल. जुन्या, चुकीच्या खुणेच्या रेषेत, नेमके. टोपीपासून पाव वळसा लांब.

तो फिरवत नाही. पहिल्यांदा मला वाटलं, छळतोय मला. चिडवायची सवय त्याची. मग लक्षात आलं. बापे ओळीत उभे राहायचे त्यांना मी सगळं शिकवलं, तीस मोजणं, पाव वळसा, सगळं. मेल्क बंदुकीला शिवायचा नाही. मी काडतुसं करायला लागले तेव्हा एकदा माझ्या बाकाशी येऊन त्याने विचारलं होतं, ही खूण कशाला गं? मी म्हटलं होतं, ही वर ठेवायची, बाकी काही बघायचं नाही, माझी खूण खोटी नसते.

म्हणून तो रोज खूण वर ठेवतो आणि चाप ओढतो. रोज नुसतं क्लिक होतं. त्याचा अजून विश्वास आहे माझ्या खुणेवर.

काल रात्रभर मला झोप आली नाही, पण आज सकाळी हात स्थिर आहे. सात वाजता खाली आले. दरवाजा ओढून घेतला. काडतूस शिकंज्यात धरलं, फार आवळलं नाही. जुनी खूण घासून सपाट केली. मग टोपी बघितली, भिंगातून, दोनदा, आणि कानस तिच्या बरोबर वर ठेवली. तीन वेळा घासलं. पितळेचा भुसा फुंकून टाकला. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सरळ खूण आहे ही.

काडतूस टेबलावर ठेवलंय. खुर्ची लेथपाशी आहे, बंदुकीच्या नळीसमोर, तिथेच ठेवलीय. आज मी पाठ फिरवलेली नाही.

दहा एकोणचाळीस.

बोल्ट मागे गेला.